पाच जणींचं यंत्र

दोल्ना बारा गावच्या शाळेत दर ऑक्टोबरात विज्ञान प्रदर्शन भरे, आणि दर ऑक्टोबरात मुलं एकमेकांना एकच गोष्ट विचारत, यंदाही तोतेवाबाईच परीक्षक आहेत का. आहेत म्हटलं की निम्म्यांचे चेहरे उतरत. डोंका तोतेवा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. गावात पूर्वी भाज्या-फळं बरण्यांत भरायची यंत्रं बनवणारा कारखाना होता. त्याच्या आराखडे विभागात त्यांनी उभी हयात काढली होती. कारखान्याला टाळं लागून जमाना झाला, तरी बाईंचा स्वभाव काही निवृत्त झाला नव्हता. केस आखूड कापलेले, कोटाच्या खिशात कायम शिसपेन्सिल, आणि बोलणं असं की समोरच्याला ते घरी गेल्यावर लागावं.

त्यांच्याकडे असे तो अभियांत्रिकीचा विभाग. मुलांनी एखादी अडचण शोधायची, तिच्यावर तोड म्हणून काहीतरी बनवायचं, चालवून बघायचं, फसलं की बदलायचं, आणि हे सगळं वहीत लिहून ठेवायचं. पाच सदरं, प्रत्येकी वीस गुण. बाकीचे परीक्षक आधी यंत्र बघत. बाई आधी वही मागत, उभ्याउभ्या पहिल्या पानापासून वाचत, आणि मग मान वर करून विचारत, "हे किती वेळा मोडलं?"

त्या वर्षी त्यांच्या जोडीला दोघं होते. एक कामेन बाच्वारोव, निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक. तो आणि बाई शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे अरेतुरेतले. दुसरी रालित्सा, संगणकाचं काम करणारी सव्वीस वर्षांची मुलगी. ती याच शाळेची माजी विद्यार्थिनी. आठवीत असताना बाईंनी तिला शंभरपैकी एकेचाळीस गुण दिले होते, आणि ते तिनं अजून मनातून काढले नव्हते.

व्यायामशाळेत नऊ टेबलं मांडलेली. पहिल्यावर नोटरीच्या मुलाचा यंत्रमानव होता. जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून तो झोकात चालत होता आणि वळणावर निळा दिवा लावत होता. वही अगदी कोरीकरकरीत, अक्षर मोत्यासारखं. बाईंनी ती मिटली आणि ठरलेला प्रश्न विचारला. मुलगा अभिमानानं म्हणाला की एकदाही नाही.

"मग हे तू बनवलेलं नाहीस, बाळा," बाई म्हणाल्या. "विकतच्या खोक्यातून काढलं आहेस."

मागे उभ्या असलेल्या नोटरींचे कान लाल झाले. रालित्सा हळूच पुटपुटली की तोतेवाबाई थोडं गोड बोलल्या असत्या तरी गुण तेवढेच पडले असते. बाई म्हणाल्या की गोड बोलायला पुढे केकचं टेबल आहे, तिथे बायका बसल्या आहेत. आणि त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

दुसऱ्या टेबलापाशी मात्र त्या रमल्या. जुळे भाऊ होते, नववीतले. त्यांच्या आजोबांच्या काचेच्या शेडमध्ये उन्हाळ्यात टोमॅटो करपायचे, कारण दुपारी खिडक्या उघडायला कोणी नसायचं. पोरांनी तांब्याच्या नळीत मेण भरलं होतं. उन्हानं मेण फुगलं की दांडा पुढे सरके आणि खिडकी आपोआप उघडे. नळी चार वेळा फुटली होती आणि एकदा आजोबांच्या टोपीवर मेण सांडलं होतं, तेही वहीत नोंदवलेलं. बाईंनी दोन्ही पोरांच्या पाठीवर थाप मारली. हे पाहून मागच्या टेबलांवरच्यांना जरा धीर आला.

असं करत करत ते सातव्या टेबलाशी आले, आणि बाईंचे पाय थबकले.

टेबलावर भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांचं पातेलं होतं. मागे पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मिरच्या सोलायचं यंत्र. पुठ्ठ्याशेजारी सातवीतली एक मुलगी उभी होती, नाव नेव्याना. दोन वेण्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

दोल्ना बारात शरद ऋतू म्हणजे मिरच्या. सप्टेंबर लागला की प्रत्येक अंगणात, प्रत्येक गच्चीत पोतीच्या पोती भाजल्या जातात, सोलल्या जातात, बरण्यांत भरल्या जातात. निम्म्यांची टोमॅटो घालून ल्युतेनित्सा नावाची चटणी होते, जी पावाला फासून लोक पुढचा शरद येईपर्यंत खातात. भाजणं सोपं. जीव जातो तो साल काढण्यात. आणि या साल काढण्यानंच डोंका तोतेवांच्या आयुष्यातली तीन वर्षं खाल्ली होती. ही गोष्ट कामेनला अर्धवट ठाऊक होती, रालित्साला मुळीच नव्हती.

"हे टेबल तुम्ही दोघं बघा," बाई हळूच म्हणाल्या. "मी पुढे होते."

"का? मिरचीचं वावडं आहे?" कामेननं विचारलं.

"माझ्याच्यानं नीट गुण दिले जाणार नाहीत."

कामेन म्हणाला की हरकत नाही, तसेही तुझ्याच्यानं कधी कोणाला नीट गुण दिले गेलेत. रालित्साला हसू आवरेना. आता मागे फिरणं म्हणजे कमीपणा. बाईंनी हात पुढे केला आणि वही मागितली.

वहीची पानं तांबड्या डागांनी भरलेली, काही एकमेकांना चिकटलेली. पहिल्या पानावर चित्र होतं. जुन्या वॉशिंग मशीनचं पिंप, आत न्हाणीघरातल्या रबरी चटईचे तुकडे डकवलेले, खाली मोटर. मिरच्या आत टाकायच्या, पिंप फिरवायचं, रबरानं साल घासून निघेल. पिंप, आत रबर, खाली मोटर. चाळीस वर्षांपूर्वीचा त्यांचाच आराखडा, फक्त त्यांचं पिंप माणूस मावेल एवढं होतं.

त्या पुढे वाचत गेल्या. चाचणी पहिली: लगदा. चाचणी दुसरी, वेग निम्मा केला: लगदा, पण सावकाश. चाचणी तिसरी, पाणी सोडलं: सूप. चाचणी पाचवीत झाकण उडालं आणि स्वयंपाकघराचं छत रंगलं. त्याखाली वेगळ्या, मोठ्या अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं, "हे पुसायला दोन तास लागले. आई." बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. सहावी चाचणी: लगदा.

त्यानंतरच्या पानावर चित्र नव्हतं. एवढंच लिहिलेलं होतं:

"आज काही बनवलं नाही. आजी आणि तिच्या चार मैत्रिणी अंगणात मिरच्या सोलत होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. प्रत्येकीला विचारलं, यात तुम्हाला सगळ्यांत नकोसं काय वाटतं. वेळ लागतो असं कोणीच म्हणालं नाही. बोटं भाजतात, असं पाचही जणी म्हणाल्या. तसराळ्यावर वाकून पाठ धरते, असं चौघी म्हणाल्या. नखं आठवडाभर काळी राहतात, असं दोघी म्हणाल्या. मी म्हटलं, मी असं यंत्र करते की दहा मिनिटांत सगळं उरकेल. त्यावर स्तोयना आजी म्हणाली, खबरदार. दहा मिनिटांत उरकलं तर मग आम्ही बसायचं कशाला?"

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. मग वही मिटली नाही, तशीच उघडी धरून टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर मोटर नव्हतीच. शेजारी जमिनीवर बैलगाडीच्या चाकाएवढं एक लाकडी कडं होतं, माणूस खुर्चीत बसला की छातीपाशी येईल अशा उंचीवर तीन पायांवर उभं केलेलं. कड्याला सारख्या अंतरावर पाच जागी कपडे वाळत घालायचे चिमटे बसवलेले, तोंडं खाली करून. खाली एकच मोठं ताट. चिमट्यात मिरचीचा देठ अडकवायचा, मिरची आपली लोंबती राहते. मग हातात घ्यायची ती लाकडी पकड. तिच्या दोन्ही पात्यांना टॉवेलचं खरखरीत कापड गुंडाळलेलं. देठाशी धरून एकदाच खाली ओढायची, साल कापडाला चिकटून येते. बोट कुठे लागत नाही, पाठ वाकत नाही.

बाईंनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. कापड टॉवेलचंच का? नेव्याना म्हणाली की नऊ कापडं करून पाहिली, गुळगुळीत कापड घसरतं आणि पोत्याचं मिरची फाडतं. पकड किती जोरानं धरायची? तिनं सांगितलं की आजीच्या हातात संधिवात आहे, म्हणून आतल्या बाजूला लाकडाची गाठ ठेवली आहे, कितीही दाबलं तरी पाती त्याच्यापुढे मिटत नाहीत. कडं गोलच का, सरळ फळी का नाही?

"सरळ फळी केली होती, बाई," नेव्याना म्हणाली. "पण मग कडेच्या दोघींना एकमेकींचं ऐकू येईना. त्या चिडल्या."

कामेननं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि मी करून बघतो म्हणाला. नेव्यानानं त्याच्या हातात पकड दिली, बाईंच्याही हातात दिली. कारखाना सोडल्यापासून त्यांनी मिरची सोलली नव्हती. नणंद वर्षाच्या बरण्या पाठवत असे, आणि बाई त्या फडताळात लावत. त्यांनी खुर्ची ओढली, मिरची अडकवली, पकड लावली आणि ओढली. साल मोज्यासारखी उतरली. खाली तांबडी, ओली, सबंध मिरची लोंबत राहिली.

त्याच वेळी कामेननं आपली मिरची गाईची धार काढावी तशी जोरात ओढली. कट्ट आवाज झाला, चिमट्याची स्प्रिंग उडाली, आणि मिरची ताटाची कड चुकवून थेट त्याच्या बुटात गेली.

आजूबाजूची मुलं श्वास रोखून बाईंकडे बघू लागली. नेव्यानाचा चेहरा पडला खरा, पण तिनं आधी बाईंकडून वही मागून घेतली, पेन काढलं आणि लिहिलं: मोडतोड चौदावी. तिसऱ्या क्रमांकाचा चिमटा. कारण, जास्त जोर. मग तिनं कामेनला विचारलं, "सर, आपलं वजन किती?"

बाई हसल्या. दोल्ना बाराच्या शाळेत त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. व्यायामशाळेतल्या मुलांना आधी वाटलं त्यांना ठसका लागला. डोळे पुसत त्या म्हणाल्या की माझा ठरलेला प्रश्न विचारायची आता गरज उरली नाही.

गुण ठरवायला तिघं शिक्षकांच्या खोलीत बसले, समोर बानित्साचे, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचे, गरम तुकडे. कामेन एका पायात मोजा नसलेला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. मुलगी चुणचुणीत आहे, पण हे अभियांत्रिकी म्हणायचं का? ना मोटर, ना वीज. चार आण्याचे चिमटे आणि टॉवेल. रालित्साला जुळ्यांची खिडकी पहिली वाटत होती. दोघांनी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी आधी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या की गुण सांगण्यापूर्वी एक गोष्ट सांगते, म्हणजे माझं मत कुठून येतं ते तुम्हाला कळेल, आणि वाटलं तर ते धरू नका.

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. राजधानीतून हुकूम आला की मिरच्या सोलणारं यंत्र हवं, तासाला एक टन. अकरा अभियंते, तीन वर्षं, आणि गटाच्या प्रमुख डोंका तोतेवा. पिंपात आधी रबरी बोटं लावली, मग ब्रश, मग पाण्याचे फवारे. कामगारांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं होतं खाटीक. शेवटी राजधानीहून साहेब बघायला आले, पांढऱ्या सुटात, कोणी सांगितलं होतं त्यांना पांढरा घालायला. यंत्र सुरू झालं. पहिली दोन मिनिटं बरी गेली. तिसऱ्या मिनिटाला झडप निसटली आणि साहेब, त्यांचे दोन सचिव आणि बँडवाल्यांमधला तुतारीवाला, चौघंही नखशिखांत तांबडे झाले. तुतारीवाला बिचारा वाजवायचा थांबला नाही, कारण त्याला थांबायची खूण कोणी केली नव्हती.

रालित्सानं डोकं टेबलावर टेकलं होतं, तिचे खांदे गदगदत होते. कामेनला घास गिळता येईना. त्याला एवढंच ठाऊक होतं की ते काम बंद झालं आणि डोंकाला झाकणांच्या विभागात धाडलं. सुटाची आणि तुतारीची गोष्ट ती चाळीस वर्षं कोणाशी बोलली नव्हती.

"मला वाटायचं, आमचं पिंप चुकलं," बाई म्हणाल्या. "रबर चुकलं, वेग चुकला. आज त्या पोरीची वही वाचली. अरे, आम्ही अकरा जण, त्यात मी स्वतः बाई, आईबरोबर मिरच्या सोलून मोठी झालेली. पण जी सोलते तिला एकदा विचारावं, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. या पोरीला सहा चाचण्यांत सुचलं."

रालित्सानं डोळे पुसत विचारलं की मग तुमचे गुण किती. बाईंनी कागद पुढे सरकवला. अडचण ओळखणं, वीसपैकी वीस. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला वीस दिले नव्हते. चाचण्या आणि बदल, एकोणीस. पण बांधणीत चौदाच, कारण चिमटा तुटला तो तुटलाच. मांडणीतही गुण कापलेले, पुठ्ठ्यावर तीन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं.

कामेन म्हणाला, "एवढी गोष्ट सांगून बांधणीत चौदा? मला वाटलं आता पहिलीच आणतेस."

"गोष्ट माझी आहे. चिमटा तिचा आहे," बाई म्हणाल्या.

कामेननं आपला कागद परत ओढून घेतला आणि मोटर नसल्याबद्दल कापलेले गुण परत दिले. बेरीज झाली. जुळ्यांची खिडकी पहिली, नेव्यानाचं कडं दोन गुणांनी दुसरं. पहिले दोन प्रकल्प नोव्हेंबरात प्लेवेनला जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होते, म्हणजे दोघांचंही काम झालं. रालित्सानं जाता जाता बाईंना विचारलं की आठवीत मला एकेचाळीस का दिले होते. बाईंना तो प्रकल्प लख्ख आठवत होता. पूल सुंदर होता, त्या म्हणाल्या, पण चाचणीचे आकडे तू मनानं लिहिले होतेस. रालित्सा लाल झाली आणि कबूल झाली.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर नेव्याना बाईंना दारात आडवी आली. दुसरी आल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर फारसा दिसत नव्हता. तिला जाणून घ्यायचं होतं ते दोन गुण कुठे गेले. बाईंनी तिला तिथेच पायरीवर बसवलं, पेन्सिल काढली आणि तिच्याच वहीत पोलादी पट्टीचा एक चाप काढून दाखवला. तो कसा वाकवायचा, कुठे तापवायचा, देठ जाड असला तर कसा पसरेल. मुलीनं लगेच विचारलं की आजीच्या हातांनी तो उघडेल का. बाई म्हणाल्या की ते हात बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

"शनिवारी या ना मग," नेव्याना म्हणाली. "शेवटची दोन पोती राहिलीत. सगळ्याजणी असतील, त्यांनाच विचारू."

शनिवारी बाई गेल्या, पिशवीत सहा नवे चाप घेऊन. अंगणात धूर, खुर्च्या मांडलेल्या, कड्याभोवती पाच जणी आधीच बसलेल्या. स्तोयना आजीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली की त्या कारखान्यातल्या तोतेवा तुम्हीच ना, मग उभ्या काय, हात धुऊन या, मी सरकते. पाच जणींच्या कड्याला सहावी बसली. चाप पोलादाचे, घट्ट. संधिवाताच्या बोटांना ते उघडेनात. नेव्यानाची आजी म्हणाली की बाई, हे कुलूप आहे की चिमटा. नेव्यानानं लगेच वही उघडली. बाईंनी खाली मान घालून चापाचे कान लांब करायला घेतले, आणि तेवढ्यात शेजारणीनं त्यांना विचारलं की तुमच्या यजमानांनी म्हणे लग्नात बँड सांगितला होता आणि पैसेच दिले नव्हते, खरं का. दुपार त्यातच गेली. दोन पोती संपायला सहा तास लागले आणि घाई करा असं एकदाही कोणी म्हणालं नाही.

प्लेवेनला नेव्याना तिसरी आली. तिथल्या एका परीक्षकानं विचारलं की याला मोटर का नाही, तर तिनं त्याला वहीतलं ते आजींच्या बोलण्याचं पान वाचून दाखवलं. मागे बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जुळ्यांना प्लेवेनला काही मिळालं नाही, कारण त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि खिडकी उघडलीच नाही. त्यांनी तेही वहीत लिहिलं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या की यंदा जमणार नाही. मुख्याध्यापक हादरले. तब्येत बरी आहे ना, कोणी काही बोललं का, नोटरी काही म्हणाले का, असं त्यांनी विचारून पाहिलं. बाई म्हणाल्या की तसं काही नाही. दर गुरुवारी दुपारी शाळेच्या कार्यशाळेत आठ पोरं त्यांच्याकडे येतात, नेव्याना, जुळे आणि आणखी पाच, आणि ज्यांना आपणच करवत धरायला शिकवलं त्यांना आपण गुण देणं बरं नव्हे. रालित्साला बोलवा, त्यांनी सुचवलं. पोरगी कडक आहे.

मुख्याध्यापकांनी विचारलं की त्या आठांत अजून कोण कोण आहे.

"नोटरींचा मुलगा आहे," बाई म्हणाल्या. "यंदा त्यानं स्वतः काहीतरी बनवलंय. तीन वेळा मोडलं."